महिन्यातून एकदा येणारे सायकियाट्रिस्ट नक्की कशासाठी हवेत?

सावली_७

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. मी एका छोट्या संस्थेत आहे, वस्तीत घरोघरी जाऊन मानसिक आजार असलेल्यांचा फॉलोअप घेणं, गोळ्या घेतायत का बघणं, घरच्यांशी बोलणं, कागदपत्रं करून देणं अशी कामं. आम्ही सहा जण, डॉक्टर कोणीच नाही. महिन्यातून एकदा सायकियाट्रिस्ट सर येतात, नऊ ते एक, त्या चार तासांत साठ-पासष्ट पेशंट. म्हणजे माणशी जेमतेम चार मिनिटं. सर बिचारे मान वर करत नाहीत. झोप कशी, भूक कशी, तेच चालू ठेवा, पुढचा.

आता कमिटीत एकांनी मुद्दा काढलाय की बहुतेकांना 'तेच चालू ठेवा'च लिहायचंय तर ते ट्रेनिंग घेतलेला कुठलाही जनरल डॉक्टर लिहील, आणि सरांवरच्या खर्चात अजून दोन फील्डवर्कर येतील. ऐकायला अगदी पटतं. मला आतून पटत नाहीये आणि का पटत नाही ते धड सांगता पण येत नाहीये. पंधरा दिवसांनी मीटिंग आहे. तर ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा, वस्तीपातळीवरच्या कामात सायकियाट्रिस्टचं खरं काम काय? पेशंट, घरचे, डॉक्टर, सगळ्यांनी लिहा.

निवांत

ताई, राग मानू नका पण तुमच्या कमिटीतले गृहस्थ बरोबर बोलतायत. माणसाला काम नाही, घर नाही, बायको सोडून गेली, शेजारी वेडा म्हणतात, यावर गोळी काय करणार? हे सगळं तुम्ही लोक बघता. डॉक्टर फक्त सही करतो. सहीसाठी इतका महागडा माणूस कशाला?

बोका_नंबर_२

निवांत +१. झिम्बाब्वेत आजीबाई बाकावर बसून डिप्रेशन बरं करतात म्हणे. सायकियाट्रिस्ट लागत नाही.

प्राची_न

बोका, तो अर्धाच किस्सा आहे :) तो बाक एका सायकियाट्रिस्टनेच टाकला, डिक्सन चिबांडा. त्यांची एक पेशंट त्यांच्यापर्यंत पोचायला बसचे पैसे नव्हते म्हणून आली नाही आणि तिने जीव दिला. त्या वेळी अख्ख्या देशात सायकियाट्रिस्ट दहा-बाराच्या आसपास. मग त्यांनी २००६ मध्ये हरारेच्या एंबारे भागात १४ आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर आजी आणि समोरचा माणूस, आणि ठरावीक पद्धतीने बोलणं, कुठली अडचण आधी घ्यायची, या आठवड्यात त्यावर एक काय करायचं. डिप्रेशन हा शब्दच नाही, शोना भाषेतला 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार करणं. २०१६ मध्ये त्याची नीट ट्रायल छापून आली, २४ दवाखाने, ५७३ माणसं, सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांत डिप्रेशनची लक्षणं साधारण १४ टक्क्यांत उरली, नेहमीची सेवा मिळालेल्यांत ५० टक्क्यांत.

आता बघ, चिबांडांनी स्वतः किती पेशंट तपासले हा प्रश्नच नाही. काय बोलायचं, कुणाला बाकावर ठेवायचं आणि कुणाला पुढे पाठवायचं हे बसवणं, आणि आजी अडली की तिच्या मागे कोणीतरी असणं. आजीला जेव्हा समोरचा माणूस म्हणतो की मला आज रात्री संपवायचंय, तेव्हा ती एकटी नसते.

निवांत

बरं, पण म्हणजे एकदा सिस्टीम लावून दिली की डॉक्टर घरी जाऊ शकतो ना.

प्राची_न

हेच अमेरिकेने केलं आणि तोंडघशी पडली. थोडं लांब होईल पण लिहितेच.

१९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन वापरात आलं, पहिलं असं औषध की ज्याने भास-संशय खरोखर आटोक्यात यायला लागले. १९५५ ला अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. १९६३ ला केनेडींनी कायदा आणला, मोठी इस्पितळं रिकामी करायची आणि गावोगाव कम्युनिटी मेंटल हेल्थ सेंटर्स काढायची. इस्पितळं खरंच रिकामी झाली. सेंटर्स मात्र ठरवली त्याच्या निम्म्याच्या आसपासच उभी राहिली, आणि जी राहिली त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ज्यांना सौम्य त्रास आहे, जे स्वतःहून चालत येतात, वेळेवर येतात, नीट बोलतात अशांनाच बघण्यात सगळा वेळ जायला लागला. जे इस्पितळातून सुटले होते ते येत नव्हते. ते फूटपाथवर आणि तुरुंगात गेले.

याच्या उलट इटलीतलं त्रिएस्ते. फ्रांको बासाल्या १९७१ मध्ये तिथल्या इस्पितळाचे प्रमुख झाले, आत बाराशेच्या आसपास माणसं. त्यांनी दारं उघडली, पण आपण घरी गेले नाहीत, सगळा स्टाफ घेऊन पेशंटच्या मागोमाग गावात उतरले. १९७३ मध्ये पेशंट आणि कलाकारांनी मिळून लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा एक मोठा निळा घोडा बनवला, इस्पितळाची धुण्याची गाडी ओढणाऱ्या घोड्याचं नाव त्याला दिलं, मार्को काव्हालो. मिरवणुकीने बाहेर न्यायला निघाले तर घोडा दारातून मावेना! शेवटी दाराची तोडफोड करून बाहेर काढला. १९७८ ला कायदा १८० आला, नवीन मनोरुग्णालयं काढायला बंदी. त्याऐवजी मोहल्ल्यामोहल्ल्यात सेंटर्स, त्रिएस्तेत तर चोवीस तास उघडी, तिथेच मोजक्या खाटा, आणि तिथे सायकियाट्रिस्ट रोज असतो, टीमचा भाग म्हणून.

दोन्हीकडे इस्पितळं रिकामीच झाली. फरक पडला तो सगळ्यात आजारी माणसाबरोबर कोण गेलं यावरून.

बोका_नंबर_२

दंडवत __/\__ घोडा दारातून मावेना हे भारीच

डॉ_टिंब

सायकियाट्रिस्ट आहे, आठ वर्षं झाली. सावलीताई, तुमच्या सरांच्या जागी मी पण बसलोय, एका सकाळी सत्तर पर्यंत. त्या ओपीडीत मी काय करत होतो ते प्रामाणिकपणे सांगतो. सत्तरातले पन्नास स्थिर असायचे, दोन-तीन वर्षं तीच गोळी, त्यांना माझी गरज नव्हती, प्रिस्क्रिप्शनची होती. पंधरा जणांना गरज होती पण त्यांच्या वाटचा वेळ पन्नासांनी खाल्लेला असायचा. आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती ते रांगेत नव्हतेच, ते घरात दार लावून बसलेले होते आणि त्यांची आई रांगेत उभी असायची. मी आईला विचारून मुलाचा डोस ठरवायचो. आज आठवलं की कसंतरी होतं.

त्यामुळे कमिटीचा प्रश्न बरोबर आहे, उत्तर चुकलंय. स्थिर लोकांची प्रिस्क्रिप्शनं जनरल डॉक्टरने लिहावीत, शंभर टक्के. मग सायकियाट्रिस्टचे जे तास सुटतील ते काढून टाकू नका, ते दुसरीकडे वापरा.

कुठे, तर अमेरिकेत २००२ ला एक मोठी ट्रायल आली होती, इम्पॅक्ट नावाची, डिप्रेशन असलेले १८०१ वयस्कर लोक. फॅमिली डॉक्टर औषध लिहिणार, एक केअर मॅनेजर (नर्स वगैरे) पेशंटच्या संपर्कात राहून दर वेळी लक्षणांचा स्कोअर ठेवणार, आणि सायकियाट्रिस्ट आठवड्यातून एकदा केअर मॅनेजरबरोबर बसून यादी चाळणार, बस. बहुतेक पेशंट त्याने पाहिलेले पण नसायचे. यादीत बघायचं काय तर कोण सुधारत नाहीये. वर्षभराने लक्षणं निम्म्यावर आलेले ४५ टक्के, नेहमीच्या उपचारात १९ टक्के. माझ्या अख्ख्या शिक्षणात मला कोणी हे शिकवलं नव्हतं की समोर पेशंट नसताना पण सायकियाट्रिस्ट काम करू शकतो.

अर्थात हे डिप्रेशनचं. स्किझोफ्रेनियाला नुसत्या यादीवर भागत नाही, तिथे जावं लागतं.

निवांत

डॉक्टर, यादीवर बसून न बघितलेल्या माणसाचं औषध बदलणार? हे जरा धाडसाचं नाही वाटत? वर तुम्हीच म्हणालात आईला विचारून डोस ठरवला त्याचं वाईट वाटतं.

डॉ_टिंब

चांगला पकडलात. फरक असा की तिथे मी सुचवतो, लिहितो तो डॉक्टर ज्याने पेशंट तपासलाय, आणि माहिती मोजलेली असते, तारीखवार. जिथे चित्र जुळत नाही तिथे 'याला मला प्रत्यक्ष बघायचंय' हेच माझं उत्तर असतं. ओपीडीत मी हे म्हणू शकत नव्हतो कारण दाराबाहेर अजून चाळीस जण होते.

कडीकोयंडा

इथे कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. डॉ_टिंब यांनी आईचं लिहिलं म्हणून लिहितोय. ती आमची आई आहे असंच वाटलं.

मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया, वीस वर्षं झाली. मधे एक काळ असा आला की तो खोलीतून बाहेर येईना, आठ महिने. आतून कडी. आई ताट आणि गोळ्या दारात ठेवायची, तो उचलून घ्यायचा, गोळ्या घ्यायचा पण, त्याबाबतीत इमानदार. पण रात्रभर येरझारा. खालच्या मजल्यावरचे तक्रार करायचे. आई महिन्याला इस्पितळात जाऊन सांगायची की बसत नाही हो, रात्रभर फिरतो, फार अस्वस्थ आहे, तिथले डॉक्टर म्हणायचे आजार वाढलाय, डोस वाढवू. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा येरझारा अजून वाढल्या. तिसऱ्यांदा वाढवणार होते.

मग एका संस्थेच्या टीमबरोबर एक सायकियाट्रिस्ट मॅडम घरी आल्या. पहिल्या वेळी दार उघडलंच नाही त्याने. मॅडम बाहेर जमिनीवर बसल्या, दाराला पाठ लावून, आणि आतून रेडिओचा आवाज येत होता, कॉमेंट्री, तर त्या नुसत्या विचारत राहिल्या की आऊट कोण झाला. दोन-तीनदा आतून उत्तर आलं. वीस मिनिटं बसून गेल्या. मी मनात म्हटलं झालं, स्कोअर विचारायला आल्या होत्या. दुसऱ्या वेळी पण तसंच. तिसऱ्या वेळी त्याने दार चार बोटं उघडलं आणि मॅडम काही बोलल्याच नाहीत, त्या फटीतून त्याच्या पायांकडे बघत होत्या. उभ्या उभ्या तो एका पायावरून दुसऱ्या पायावर, सारखा, जागच्या जागी चालल्यासारखा. त्यांनी विचारलं, बसलात की आत काय होतं? तो म्हणाला पायात मोटर चालू होते, बसलो तर फुटेल.

बाहेर येऊन मॅडमनी सांगितलं की ही अस्वस्थता आजाराची नाही, औषधाची आहे, अकाथिसिया म्हणतात. डोस जितका वाढवाल तितकं हे वाढणार. डोस कमी केला, हळूहळू गोळी बदलली, काही आठवड्यांत तो बसायला लागला. बसायला लागला म्हणजे अक्षरशः, खुर्चीवर, आमच्याबरोबर.

आता सांगा, आठ महिने आमच्याकडे फील्डवर्कर येत होता, चांगला मुलगा, अजूनही येतो. त्याने येरझारा बघितल्या होत्या, मी बघितल्या होत्या, आईने बघितल्या होत्या. काय बघतोय हे कुणालाच कळलं नव्हतं. आणि ज्यांना कळलं असतं ते डॉक्टर घरी आले नव्हते.

सावली_७

कडीकोयंडा, हे लिहिल्याबद्दल काय म्हणू. मी दोनदा वाचलं. आमच्या यादीत असे 'रात्री फिरतो' लिहिलेले किमान तीन आहेत आणि मी स्वतः ते आजाराच्या रकान्यात लिहिलंय.

अर्धविराम

मी तो 'कुठलाही जनरल डॉक्टर' :) जागतिक आरोग्य संघटनेने २००८ ला एमएचगॅप कार्यक्रम काढला, २०१० ला त्याचं गाईड आलं, उद्देश हाच की सायकियाट्रिस्ट पुरे पडणार नाहीत तर आम्ही लोकांनी नेहमीचे मानसिक आजार बघावेत. मी ते ट्रेनिंग घेतलंय. उपयोगी आहे, फ्लोचार्ट सोपे आहेत. पण एक माझा गाढवपणा सांगतो.

ट्रेनिंग नवीन होतं, एक बाई आल्या, डिप्रेशन, नऊ प्रश्नांची ती प्रश्नावली असते त्यात २७ पैकी १९. पुस्तकात म्हटल्याप्रमाणे गोळी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात नवरा घेऊन आला, बाई रात्रभर घर आवरत होत्या, तीन दिवस झोप नाही, आणि मला म्हणाल्या डॉक्टर तुम्ही देव आहात, मी आता सगळ्या वस्तीचं कर्ज फेडणार आहे. मॅनिया, म्हणजे टोकाचा उत्साह. मुळात बायपोलर होतं, आलटून पालटून डिप्रेशन आणि मॅनिया, आणि मी नुसतीच डिप्रेशनची गोळी दिली. ज्या सायकियाट्रिस्टकडे धावलो त्यांनी मला ओरडायच्या ऐवजी एक प्रश्न दिला, तो आज दहा वर्षं मी प्रत्येक डिप्रेशनच्या पेशंटला विचारतो, की कधी असे सलग चार-पाच दिवस गेले का, जेव्हा झोप नको वाटली आणि तरी थकवा नव्हता? गाईडमध्ये पण तो मुद्दा आहे हो, मी वाचला होता. वाचणं वेगळं.

मुद्दा काय तर, मी प्रिस्क्रिप्शन लिहीन, जरूर लिहीन. पण मला फोन उचलणारा कोणीतरी हवा. दोन दिवसांचं ट्रेनिंग देऊन सोडून दिलेले जनरल डॉक्टर सहा महिन्यांत मानसिक आजार बघणं बंद करतात, मी माझ्या बॅचमधलेच पाहिलेत, कारण पहिली केस अंगाशी आली की भीती बसते.

प्राची_न

अर्धविराम, याला जुना दाखला आहे. १९७५ च्या सुमारास चंदीगडजवळ रायपूर राणीला आणि बंगळूरूजवळ सकलवाड्याला हेच करून पाहिलं होतं, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर आणि कार्यकर्त्यांना शिकवून. त्यावरूनच १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि मग बेल्लारीचं जिल्हा मॉडेल निघालं. तिथे पण शिकवणं हा सायकियाट्रिस्टच्या कामाचा मोठा भाग होता, पेशंट तपासण्याइतकाच.

आणि त्याच्याही आधी नायजेरियात लांबो म्हणून सायकियाट्रिस्ट होते, १९५४ पासून आरो इस्पितळाच्या आसपासच्या खेड्यांतच पेशंटची सोय केली, नातेवाईक सोबत, दिवसा उपचार आणि बाकी वेळ गावकऱ्यांबरोबर शेतीकाम. पारंपरिक वैदूंना पण कामात घेतलं होतं. त्याच दशकात अमृतसरला विद्यासागर यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून घरच्यांना पेशंटबरोबर राहायला लावलं. दोघांनीही माणसाला त्याच्या माणसांसकट धरलं.

मीच_ती

सगळे डॉक्टरांच्या कौतुकात रंगलेत म्हणून जरा थंड पाणी ओतते. मी पेशंट आहे, बायपोलर, लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारी गोळी), बारा वर्षं.

सायकियाट्रिस्टकडे एक गोष्ट असते जी तुमच्यापैकी कोणाकडेच नाही, तो मला माझ्या मनाविरुद्ध ॲडमिट करू शकतो. कायद्यात अटी आहेत, फेरविचार आहे, सगळं आहे, पण खोलीत तो आला की माझ्या डोक्यात तेच असतं. मला एकदा तसं नेलंय, इस्पितळाचं नाव लिहीत नाही. मला तेव्हा गरज होती हे आज मान्य आहे. पण तिथे तीन दिवस मला एकानेही माझं नाव घेऊन हाक मारली नाही, 'ती खिडकीजवळची' म्हणत होते, हे मी विसरलेले नाही. त्यामुळे घरी येणारा सायकियाट्रिस्ट ऐकायला छान वाटतं, पण दाराच्या आतल्या माणसाला तो कसा वाटेल याचा पण विचार करा. कडीकोयंडा, तुमच्या मॅडम जमिनीवर बसल्या म्हणून जमलं. दोन वॉर्डबॉय घेऊन आल्या असत्या तर तुमच्या भावाने दुसरी कडी बसवली असती.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर अर्धवट होईल. दोन वर्षांपूर्वी गुडघा दुखत होता, हाडांच्या डॉक्टरांनी आयब्युप्रोफेन दिली, मी लिथियमचं सांगितलंच नाही, डोक्यातच आलं नाही. आठवड्याने हात थरथरायला लागले, पोट बिघडलं, मी म्हटलं व्हायरल असेल. आमच्याकडे येणारी फील्डवर्कर ताई रजिस्टरवर सही घेते. तिने माझी त्या दिवशीची सही आणि मागच्या महिन्याची सही शेजारी शेजारी बघितली आणि बोलली काही नाही, बाहेर जाऊन थेट सायकियाट्रिस्टना फोन लावला. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, दुखण्यावरची नवीन गोळी चालू आहे का? मग म्हणाले लिथियम आत्ताच थांबवा आणि तिला लगेच इस्पितळात न्या, रक्त तपासायचंय. रक्तातली लिथियमची लेव्हल १.८. माझी नेहमी ०.६ ते ०.८ असते, १.५ च्या वर म्हणजे विष चढायला लागलेलं असतं. सलाईन लावलं, थोडक्यात निभावलं.

ताईने सही बघितली नसती तर डॉक्टरला कळलं नसतं आणि डॉक्टरने तो प्रश्न विचारला नसता तर ताईला व्हायरलच वाटलं असतं. तर निवांत, सहीसाठी महागडा माणूस असतो खरा, पण माझ्या सहीसाठी होता तो ;)

निवांत

बरं बाई, हरलो. सही आवडली.

पण एक अजून टोचतंय ते बोलतो. डॉक्टर टीममध्ये आला की बाकी सगळे त्याचे असिस्टंट होतात. काउन्सेलर, सोशल वर्कर, सगळे फाईल धरून उभे. माझी मेव्हणी अशा एका टीममध्ये होती, मीटिंगमध्ये डॉक्टर बोलले की विषय संपला. पेशंट भाड्याच्या खोलीतून हाकलला जातोय म्हणून बिघडलाय हे ती सांगत राहिली आणि ते डोस वाढवत राहिले.

डॉ_टिंब

होतं असं. आमच्या लोकांना गोळी हे एकच हत्यार नीट चालवता येतं, त्यामुळे सगळीकडे खिळाच दिसतो. यावर मला पटलेली पद्धत १९७० च्या दशकात विस्कॉन्सिनच्या मॅडिसनला निघाली, लिओनर्ड स्टाईन हे सायकियाट्रिस्ट, मेरी ॲन टेस्ट आणि त्यांचे सहकारी, सगळ्यांनी मिळून. इस्पितळातली अख्खी टीम उचलून बाहेर नेली, दहा पेशंटमागे एक कर्मचारी, आणि रोज सकाळी सगळ्यांची एकत्र छोटी बैठक, प्रत्येक नावावर एक-दोन वाक्यं. त्यात सायकियाट्रिस्ट पण बसतो आणि घरमालकाशी भांडण झालंय हे पण त्याला ऐकावं लागतं. रोज ऐकलं की मग डोस वाढवायला हात पटकन जात नाही.

आणि हो, शरीर. हे आमचंच काम आहे आणि आम्हीच ते टाकून देतो. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात आणि त्यातले बहुतेक आत्महत्येने नाही, हृदय, मधुमेह, श्वसन, असल्या साध्या कारणांनी. आम्ही दिलेल्या काही गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते ती भर वेगळीच. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियाचं एक औषध) सुरू केलं की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात आणि त्याने होणारा बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतो, लाजेने कोणी सांगत नाही. वस्तीतल्या टीमला हे विचारायला शिकवणं, वजनकाटा आणि बीपीचं मशीन पिशवीत असणं, हे सायकियाट्रिस्टने पाठीमागे लागून करून घ्यायला हवं.

बोका_नंबर_२

मग निष्कर्ष काय, डॉक्टर हवा की नको? मीटिंग कधी आहे ताईंची?

प्राची_न

बोका, इतकी घाई? एक राहिलं, फील्डवर्करवर सगळं सोडायचं नाही म्हणून. २०१४ ला स्किझोफ्रेनियावर एक ट्रायल आली होती भारतात, तीन ठिकाणं, २८२ पेशंट. एका गटाला नुसती इस्पितळातली सेवा, दुसऱ्याला तीच सेवा अधिक घरी येणारे प्रशिक्षित कार्यकर्ते. दुसऱ्या गटात सुधारणा जास्त, पण माफकच जास्त. दोन्ही गटांत सायकियाट्रिस्ट होतेच, कार्यकर्ते त्यांच्या जोडीला होते. कमिटीला दाखवायला बरं पडेल, दोन्ही पक्षांना थोडं थोडं टोचतं.

सावली_७

अपडेट देते, उशीर झाला त्याबद्दल सॉरी. मीटिंग झाली. मी इथलं बरंचसं (नावं न घेता) वाचून दाखवलं. कडीकोयंडा, तुमची परवानगी खाजगी निरोपातून घेतली होतीच, ते 'चार बोटं दार' वाचल्यावर ज्यांनी मुद्दा काढला होता तेच काका म्हणाले की मग सरांना चार तास टेबलाला का बांधून ठेवलंय.

ठरलं असं की स्थिर असलेले चाळीसेक जण जवळच्या जनरल डॉक्टरांकडे जातील, त्या डॉक्टरांना सर आधी दोन वेळा बरोबर बसून शिकवणार, आणि सर फोनवर. त्या चाळीस जणांना सर सहा महिन्यांनी एकदा बघतील. महिन्याच्या त्या सकाळी पहिला तास पेशंट नाहीत, फक्त आम्ही सहा जण आणि यादी. मग उरलेले पेशंट, माणशी आधीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि शेवटी एक घर. सर आधी जरा गप्प झाले, मला वाटलं दुखावले, तर म्हणाले मला वाटलं होतं तुम्हाला आकडा हवाय, म्हणून मी आकडा देत होतो. दोन नवीन फील्डवर्कर अर्थातच मिळाले नाहीत, आणि जनरल डॉक्टर खरंच किती दिवस टिकतात ते बघायचंय.

परवा पहिला तास झाला. अकरा नावं घेतली. ते 'रात्री फिरतो'वाले तिघे पहिले काढले, त्यातल्या एकाला सर पुढच्या वेळी घरी बघणार, दोघांचं तसं नाहीये. आणि आमच्या रजिस्टरमध्ये एक काका आहेत, वय ६८, बायको गेल्यापासून डिप्रेशन असं लिहिलेलं, गेले काही आठवडे बोलतच नाहीत, दिवसभर पेंगतात, विसरतात, मुलगा म्हणतो बाबांनी हाय खाल्ली. आमच्यातल्या एकीने ते वाचलं, मी पुढचं नाव घेणार होते. सरांनी विचारलं, पडले होते का कधी? ती म्हणाली हो, दीडेक महिन्यापूर्वी बाथरूममध्ये, पण विशेष काही लागलं नव्हतं. सरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले आज सीटी स्कॅन, आत्ता, मी चिठ्ठी देतो.

डोक्यात कवटीखाली रक्त साचलेलं निघालं, हळूहळू साचत गेलेलं. त्याच रात्री ऑपरेशन झालं.

अर्धविराम

सबड्यूरल. आणि फाईलवर डिप्रेशन. अंगावर काटा आला. आता कसे आहेत?

सावली_७

अजून अशक्त आहेत. आज सकाळी मुलाला विचारलं म्हणे, माझा चष्मा कुठे ठेवलायस. मुलगा फोनवर मला तेच तेच सांगत होता, ताई चष्मा मागितला त्यांनी, चष्मा.